पावतीवरचं नाव

शुक्रवारी खोली बघायला जायचं नाही, हा बाबांचा पहिला नियम. भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात. एजंट लोकांना हे पक्कं ठाऊक, म्हणून ते गिऱ्हाइकाला नेमकं शुक्रवारीच बोलावतात. खोली गार, गल्ली शांत, आणि एजंट खिडकीशी उभा राहून विचारणार, "मॅडम, आवाज है क्या कुछ? एकदम गावासारखं वाटतंय की नाय?" शनिवारी आपण सामान आणून टाकतो आणि खालच्या कारखान्यातले लूम सुरू होतात. मग मांडणीवरची भांडी दिवसभर थरथरतात आणि घरातली माणसं एकमेकांशी ओरडून बोलायला लागतात. आम्ही कायम मंगळवारी जायचो. माझी सुट्टी मंगळवारची होती, हेही एक कारण.

दुसरा नियम पेल्याचा. बाबा घरून पिशवीत स्टीलचा पेला घेऊन निघत. खोलीत शिरलं की नळाचं पाणी त्यात घेऊन तो फरशीवर मधोमध ठेवत आणि शेजारी उकिडवे बसत. पाणी थरथरलं तर भिंतीपलीकडे लूम आहेत, पाणी एका अंगाला चढलं तर फरशी कलली आहे, आणि नळाला पाणीच नसलं तर पुढे बोलायचंच नाही. एजंटला वाटे म्हातारा तहानलाय. एकाने तर कोल्ड्रिंक मागवलं होतं. बाबांनी तेही प्यायलं आणि खोली नाकारली.

आम्हाला पागडीची खोली हवी होती. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घरमालकाला एकदाच मोठी रक्कम द्यायची, त्याने आपल्या नावाने भाडेपावती फाडायची, आणि मग महिन्याचं भाडं इतकं किरकोळ की त्याहून जास्त आपण भाजीवाल्याला देतो. खोली मालकीची होत नाही. पण मालकाला मनाला येईल तसं भाडं वाढवता येत नाही, आणि पावती ज्याच्या नावाची त्याला सहजासहजी कोणी उठवू शकत नाही. सगळा जीव त्या पावतीत. भिंती, छप्पर, नळ हे सगळं नंतर.

बाबांना हे सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं, कारण त्यांनी आयुष्यभर दुसरं काही केलंच नाही. ते एका घरमालकाचे दिवाणजी होते. त्या मालकाच्या चार चाळी होत्या. बाबा दर महिन्याला दारोदार फिरून भाडं घेत आणि जागेवर पावती लिहून देत. अक्षर असं की लोक त्या पावत्या लग्नपत्रिकेसारख्या जपून ठेवत. आम्ही राहायचो त्याच मालकाच्या आवारात, दोन खोल्यांत. नोकरीबरोबर आलेलं घर, त्यामुळे भाडं नाही आणि पावतीही नाही. मालक वारला, त्याच्या मुलांनी चाळी विकल्या, आणि नव्या मालकाने आवार मोकळं करायला घेतलं तेव्हा पावतीवाले भाडेकरू जागच्या जागी राहिले. ज्याने त्या सगळ्या पावत्या लिहिल्या तो माणूस बायको आणि दोन मुलं घेऊन बाहेर पडला.

त्यानंतर अकरा महिन्यांच्या करारावर आम्ही पाच घरं बदलली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान गॅसचं कनेक्शन बदलावं लागत नाही. एका घरी मालकीणबाई रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडायच्या आणि आम्ही किती पाणी संपवलं ते डोकावून बघायच्या. दुसऱ्या घरी पाहुणा आला की त्याला किती दिवस ठेवणार हे आधी सांगावं लागे. आईने दोन पेट्या बांधल्या त्या पुढे उघडल्याच नाहीत. "परत बांधायच्याच आहेत," म्हणायची. भिंतीला खिळा ठोकायचंही तिने सोडलं होतं. देव्हारा टेबलावर, कॅलेंडर दाराच्या कडीला.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. पडघ्याच्या अलीकडे महामार्गाला लागून जी मोठी गोदामं आहेत, त्यातल्या एकात मी परत आलेल्या मालाच्या विभागात काम करते, आजही. लोकांनी परत पाठवलेला खोका उघडायचा, आत तीच वस्तू आहे का हे बघायचं, मग सही करायची. मोबाईलच्या खोक्यातून निघालेली साबणाची वडी, नव्या साडीच्या पिशवीतला जुना पडदा, सगळं बघून झालंय. माझ्या हाताखालच्या मुली मला मागून ठाणेदारीण म्हणतात. मला ते आवडतं. उघडून बघितल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही, असं मी तोऱ्यात सांगायचे.

पागडीचे पैसे माझे होते, हे इथेच सांगून टाकते. लग्नासाठी म्हणून बाजूला ठेवलेले. दोन ठिकाणी बोलणी होऊन फिसकटली होती. तिसऱ्या ठिकाणी मी स्वतःच नको म्हटलं, कारण त्या माणसाने पहिल्या भेटीत माझा पगार विचारला आणि दुसऱ्या भेटीत पासबुक. त्यानंतर मी ठरवलं की या पैशाचं घर घ्यायचं. टेमघरला एक खोली बघून परत येताना आम्ही भजीच्या गाडीवर थांबलो होतो तेव्हा मी बाबांना हे सांगितलं. बाबांनी हातातलं भजं संपवलं, बोटं पुसली. मग म्हणाले, "पैसा तुझा, तर पावतीही तुझीच. आम्ही दोघं तुझ्याकडे राहू."

मला रडू आलं आणि मी मिरचीवर ढकललं. इतक्या वर्षांत घरात कोणी 'तुझ्याकडे' असा शब्द माझ्याबाबतीत वापरला नव्हता. मुलीकडे राहायचं म्हणजे काहीतरी कमीपणाचं, असं मानणाऱ्या घरातला हा माणूस सहज तसं बोलून गेला. त्या दिवशी मला माझ्या बापाचा जितका अभिमान वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता आणि नंतर वाटायचं काही कारण उरलं नाही.

शोध सात-आठ महिने चालला. ते महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे होते हे कबूल करायला आता जिवावर येतं. दर मंगळवारी मी आणि बाबा निघायचो. माझ्या स्कूटरवर मागे ते, मांडीवर पेल्याची पिशवी. कामतघरला एका खोलीच्या पावत्या त्यांनी हातात घेतल्या, दोन-चार उलटल्या, नाकाशी नेल्या आणि मला म्हणाले, "बघ. आठ वर्षांच्या पावत्या, पेन एकच, आणि दर महिन्याला सही इतकी सारखी. माणसाचा हात कधी दुखत नाही का?" सगळं पावतीपुस्तक एका बैठकीत लिहिलेलं होतं. एजंट म्हणाला, "चाचा, आप तो सीआयडी निकले." बाबा खूश झाले आणि ते वाक्य त्यांनी आठवडाभर घरी ऐकवलं.

मंडईजवळची एक खोली मला फार आवडली होती. दोन खिडक्या, पाणी पहाटे आणि संध्याकाळी, खाली किराणा दुकान, लूमचा मागमूस नाही. विकणारा गृहस्थ गोड बोलत होता. पावती त्याच्या आईच्या नावाची होती आणि आई गणेशपुरीला एका नातेवाइकाकडे राहते, असं तो म्हणाला. बाबा म्हणाले, "मग जाऊन भेटू की." पुढच्या मंगळवारी आम्ही एसटीने गेलो. म्हातारी भाताच्या खळ्याशी बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, थंडी सरली की मी परत जाणार आहे, माझी खोली आहे ना तिथे. मुलाने विकायला काढलीय हे तिच्या गावीही नव्हतं. बाबांनी तिला काही सांगितलं नाही, पण परत आल्यावर त्या मुलाला गाठून भर रस्त्यात असं झापलं की तो मान खाली घालून ऐकत राहिला. "जिच्या नावाची पावती आहे तिला अंधारात ठेवतोस? लाज नाही वाटत?" मी शेजारी ताठ मानेने उभी होते.

शेवटी खोली मिळाली ती टेमघरलाच. एकमजली जुनी इमारत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि पुढे गॅलरी. आधीचा भाडेकरू गावी परत जाणार होता. घरमालक तिथल्याच जुन्या शेतकरी घराण्यातले, खाडीकडच्या जमिनी गोदामांना दिलेले, पण वागणं साधं. बाबांनी सगळं तपासलं. घरपट्टीचा उतारा, लाइटबिल, मागच्या पावत्या, शेजारच्या बाईंना पाण्याची वेळ, गच्चीवरची भेग, जिन्याखालचं वायरिंग. पेल्यातलं पाणी स्थिर. मी भाडेकरूच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही खरंच खुशीने जाताय ना. ती म्हणाली, खुशीने नाही, पण जातोय. हे उत्तर मला खरं वाटलं.

पावती फाडायचा दिवस ठरला आणि नेमका आमच्या गोदामात सणाचा सेल लागला. सेल असला की रजा नाही, आजारपणसुद्धा नाही. मी पुढे ढकला म्हटलं. बाबा म्हणाले, "अगं, भाडेकरूची गाडी ठरलीय. मी जाऊन येतो. मी काय परका आहे?" पैसे आदल्या दिवशी मी बँकेतून काढून त्यांच्या हातात दिले होते. ते धाकट्या भावाला सोबतीला घेऊन गेले. एवढी रक्कम घेऊन एकट्याने कसं जायचं, हे मलाही पटलं. रात्रपाळी करून घरी आले तेव्हा आईने पेढा दिला आणि बाबा म्हणाले, "झालं काम." पावती त्यांच्या पत्र्याच्या पेटीत गेली.

मी ती बघायला मागितली नाही.

या एका गोष्टीसाठी मी स्वतःला किती शिव्या दिल्या असतील. परक्या बायकांची लाइटबिलं उलटीपालटी करून बघणारी मी, गणेशपुरीपर्यंत चौकशीला जाणारी मी. पण बापाकडे पावती मागायची कशी? आमच्याकडे मुलगी बापाला पानात काय वाढू विचारते, कागद दाखवा म्हणत नाही. मागितली असती तर त्यांनी ती काढून दिली असती की काहीतरी निमित्त सांगितलं असतं, हे मला आता कधीच कळणार नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण आपल्या घरच्या दुधाला कोण फुंकर घालतं?

आम्ही राहायला गेलो. आईने पहिल्याच दिवशी दोन्ही पेट्या उघडल्या आणि दुपारपर्यंत भिंतीला सात खिळे ठोकले. त्यातले तीन विनाकारण होते, त्यांना आजतागायत काही टांगलेलं नाही. पुढची आठ वर्षं मी त्या घरात पैसे आणि जीव ओतला. मोरीची न्हाणीघरवजा खोली केली, फरशी बदलली, गॅलरीला जाळी लावली. महिन्याचं भाडं मी बाबांच्या हातात द्यायचे आणि ते मालकाकडे जाऊन पावती आणायचे, तीही पत्र्याच्या पेटीत जायची. मालकाने त्यांच्याच हातात पावतीपुस्तक दिलं होतं. "दिवाणजी, तुमचा अक्षर मोत्यासारका हाय, तुमीच लिवा, मी सही करतो," असं म्हणून. बाबांना त्यात पुन्हा जुनी नोकरी मिळाल्यासारखं झालं. महिन्याच्या पाच तारखेला इस्त्रीचा सदरा घालून निघायचे. म्हातारपणी त्यांना काहीतरी काम मिळालं म्हणून मला बरंच वाटायचं.

दरम्यान भावाचं लग्न झालं. खोली घेतली त्याच हिवाळ्यात त्याचं जमलं आणि मे महिन्यात झालं. कल्याणला कंपनीच्या जवळ त्याने भाड्याने फ्लॅट घेतला. दिवाळीला, गणपतीला यायचा, गॅलरीत उभा राहून म्हणायचा, "ताई, जाळी मस्त केलीस हां."

गेल्या वर्षी इमारत पाडून नवीन बांधायचं ठरलं. खरं तर ठरणारच होतं, टेमघरात आता आमच्यासारखी बुटकी इमारत शोधावी लागते. जुन्या प्रत्येक भाडेकरूला नव्या इमारतीत मालकीचं घर मिळणार होतं. आमच्याकडे ही बातमी आली तेव्हा मी गोदामात पेढे वाटले. मालकीचं घर, दोन बेडरूमचं, माझ्या नावाचं. मी मनातल्या मनात स्वयंपाकघराच्या लाद्यासुद्धा निवडल्या. हिरव्या नकोत, आईला डाग दिसत नाहीत.

एका मंगळवारी मी मालकाकडे गेले. बाबांचा गुडघा धरला होता, म्हणून भाडं द्यायला मी गेले, इतकंच. मालक ओटीवर पेपर वाचत होते. मला बघून म्हणाले, "ये बाय, बस. तुजा भाव कवा येतो सहीला? बाकी समद्यांच्या झाल्या."

मी विचारलं, "त्याची सही कशाला?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. मग आत जाऊन पावतीपुस्तकं घेऊन आले. पावती फाडून दिल्यावर जो अर्धा भाग पुस्तकात राहतो तो त्यांनी माझ्यापुढे उघडला. आठ वर्षांपूर्वीचा पहिला कागद. भावाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. बाबांचं अक्षर. प्रत्येक काना सरळ, वेलांटी गोल, कुठे गडबड नाही. मी पान उलटलं. पुढचा महिना, तेच नाव. पुढचा, तेच. आठ वर्षं दर महिन्याला इस्त्रीचा सदरा घालून माझ्या बापाने माझ्या हातचे पैसे नेले आणि त्यावर माझ्या भावाचं नाव लिहिलं. एकदाही हात अडखळलेला दिसला नाही.

मालक हळू आवाजात म्हणाले, "मी तवाच इचारला व्हता. बोललो, पैसा पोरीचा ना, मंग नाव पोरीचा का न्हाय? दिवाणजी बोलले, पोरीनीच सांगलाय, भावाचा लावा."

मला आधी राग आला नाही. आधी लाज वाटली, आणि कशाची ते समजेना. पावती दुसऱ्याच्या नावाची केली हे एक वेळ मी गिळलं असतं. पण ते माझ्या तोंडी घातलं. मी न बोललेलं, मी कधीच बोलले नसते असं वाक्य त्यांनी माझ्या नावावर खपवलं, आणि मालक आठ वर्षं मला भावासाठी घर सोडणारी थोर बहीण समजत होते. मी भाडं दिलं. पावती त्यांनी स्वतः लिहिली, वेड्यावाकड्या अक्षरात, भावाच्याच नावाने, आणि मी ती घेऊन घरी आले.

दुपारची जेवणं व्हायची होती. मी पावती बाबांच्या पानाशेजारी ठेवली. त्यांनी चष्मा लावला, काढला, आणि आईकडे बघितलं. तेवढ्यावरून मला कळलं की आईलाही माहीत होतं.

"तेव्हा त्याचं लग्न जमत होतं," बाबा म्हणाले. "मुलीकडचे विचारत होते, मुलाचं घर आहे का. काय सांगायचं? बहिणीचं आहे?"

"हो. तेच सांगायचं. खरं तेच होतं."

"आणि तुझं लग्न झालं असतं तर? पावती परक्या घरात गेली असती. मी शंभर घरांत बघितलंय हे. जावई येतात, भांडणं लावतात. तुझ्याच भल्यासाठी केलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू ऐकलं नसतंस."

हे मात्र खरं होतं. मी ऐकलं नसतं. म्हणूनच मला न सांगता केलं, एवढं साधं. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी ऐकून होते. ते इतक्या शांतपणे, वरणभात पुढ्यात घेऊन बोललं जातं हे माहीत नव्हतं. आई मधेच म्हणाली, "मी यांना म्हटलं होतं हो, तिला सांगा म्हणून. नंतर सांगू, नंतर सांगू करत राहून गेलं." मी तिला विचारलं, "आणि तू? तुला आठ वर्षांत तोंड नव्हतं?" ती पदराने ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता. खिळे ठोकताना तिला माहीत होतं, हे माझ्या डोक्यात आलं आणि मग जाईना.

भावाला फोन केला. मला वाटलं होतं, तो तरी चपापेल. त्याने नीट ऐकून घेतलं आणि प्रेमाने म्हणाला, "ताई, तू उगाच टेन्शन घेतेस. तुला कुठे कोण घालवतंय? नवीन घरात एक खोली तुझीच ठेवू. हिलाही मी सांगून ठेवलंय." 'ही' म्हणजे त्याची बायको. माझ्या पैशाच्या घरात मला खोली द्यायची परवानगी तिच्याकडून काढून झाली होती. मी फोन ठेवला. त्या दिवसापासून मला घरात पंखा लावतानाही आपण कोणाचं तरी बिल वाढवतोय असं वाटायला लागलं.

एका वकिलाला भेटले. त्याने विचारलं, पैसे तुम्हीच दिले याचा कागद काय? माझ्याकडे पासबुकावर एक नोंद होती, त्या दिवशी पैसे काढल्याची. ते कोणाला दिले याचा कागद नव्हता. वकील म्हणाला, भांडता येईल, वर्षं लागतील, आणि तुमच्या वडिलांना उभं करून विचारावं लागेल. मी विचार करून सांगते म्हटलं. बाबांना कोर्टात उभं राहून मी काय विचारणार होते? जे विचारायचं ते मी जेवताना विचारलं होतं आणि त्यांनी उत्तरही दिलं होतं.

महिनाभर आम्ही एका घरात कामापुरतं बोलत होतो. दूध आलं का, गॅस लावलाय, इतपत. मग गेल्या रविवारी सकाळी बाबांनी मला हाक मारली. ते खुर्चीत बसले होते, गुडघ्यावर शेकायचा गरम टॉवेल, मांडीवर पुठ्ठा. पुठ्ठ्यावर एक कागद. बांधकामवाल्यांना घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची संमती लागते. भावाच्या वकिलाने मजकूर सांगितला होता आणि तो बाबांनी लिहून काढला होता. आता त्यांचा हात थोडा कापतो, तरी अक्षर तेच.

मी कागद घेतला आणि खिडकीशी नेऊन वाचला. त्यात लिहिलं होतं की मी या खोलीत माझ्या भावाच्या परवानगीने राहते, खोलीसाठी मी कोणतीही रक्कम दिलेली नाही, आणि जुन्या किंवा नव्या घरावर माझा कोणताही हक्क नाही व पुढेही राहणार नाही. खाली माझं नाव लिहिलेलं होतं. ते नाव त्यांच्या अक्षरात मी शाळेच्या वह्यांनंतर पहिल्यांदा बघत होते.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. बाबा म्हणाले, "त्यात काय बघायचंय एवढं? फक्त कागदोपत्री आहे. घर सगळ्यांचंच आहे. तुझ्या सहीवाचून सगळ्या बिल्डिंगचं काम अडलंय, लोक मला जिन्यात थांबवून विचारतात."

मी तिसऱ्यांदा वाचत होते. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. मग ज्या आवाजात लहानपणी तापात औषध पाजायचे त्याच आवाजात म्हणाले, "बाळा, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"नाही," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात आईचं पोळ्या लाटणं थांबलं. बाबांनी पेनला टोपण लावलं. त्यांना ते पहिल्यांदा लागलं नाही, दुसऱ्यांदा लागलं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा रागही आला. मी कागद त्यांच्या मांडीवर परत ठेवला आणि त्यांच्या गुडघ्यावरचा टॉवेल गार झाला होता तो पुन्हा गरम करायला आत नेला.

मालकाने सहीसाठी आणखी पंधरा दिवस दिलेत. त्यातले नऊ झाले. मी सही केलेली नाही.